जुना कोड काढावा की सांभाळावा? आमच्या ‘कादंबऱ्या’ हरवल्या त्याची गोष्ट

चिरेबंदी
शनिवार, रात्री १०.१५

मंडळी, थोडं लांबण लागणार आहे, पण तीन आठवडे डोक्यात दुसरं काही नाही, म्हणून लिहायला बसलोय.

गोव्यातल्या आणि सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडच्या काही छोट्या वाचनालयांसाठी आम्ही चार-पाच जण एक मुक्तस्रोत प्रोग्रॅम चालवतो. काम साधंच. पुस्तकांची नोंद, शोध, देवघेव. शिवाय त्याला जोडलेला एक परिवर्तक आहे, तो जुन्या फॉन्टांमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या जागतिक प्रमाणात) आणतो. २००९ मध्ये पायथन या संगणकभाषेच्या त्या वेळच्या पिढीवर, म्हणजे पायथन २ वर, सुरुवात केली. पगार कुणालाच नाही. फोंड्याला माझ्या घरी रविवारी बसायचं, जेवायचं, काम करायचं, असं इतकी वर्षं चाललंय.

यंदा पावसाच्या तोंडावर इंजिनियरिंगच्या एका मुलीने साफसफाई हातात घेतली (ती इथे ‘अर्धविराम’ या नावाने आहे, तिला विचारूनच लिहितोय). दोनेक हजार ओळी काढल्या. मी स्वतः वाचून मंजूर केल्या. त्यातल्या बहुतेक खरंच जायला हव्या होत्या. उदाहरणार्थ, पायथन २ मध्ये देवनागरीने अडू नये म्हणून सिस मॉड्यूल रीलोड करून ‘सेटडिफॉल्टएन्कोडिंग’ बोलवायची ती युक्ती. पायथन ३ मध्ये ती पद्धतच उरलेली नाही, तरी आमच्याकडे तीन फायलींत ती ‘असू दे’ म्हणून पडून होती.

आठवड्याने डिचोली तालुक्यातल्या एका वाचनालयातून फोन आला. ‘‘कादंबऱ्या शोधलं की शून्य दाखवतंय. माझ्यासमोर दोन कपाटं भरून कादंबऱ्या आहेत.’’

मी इथे बसून तोच शब्द टाकला, तर सगळ्या नोंदी आल्या. त्यांच्याकडे शून्य. अर्धा दिवस गेला. शेवटी त्यांच्या संगणकावरून तो एक शब्द फाइलमध्ये मागवला, अक्षरं सुटी करून छापली आणि कोडं उलगडलं.

आपल्या ‘ऱ्या’मधला तो आडवा अर्धा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो. पहिली म्हणजे ‘ऱ’ला पाय मोडायचा आणि पुढे ‘या’ लिहायचा. दुसरी म्हणजे साध्या ‘र’ला पाय मोडायचा, त्याच्यामागे न दिसणारं एक जोडचिन्ह (झीरो विड्थ जॉइनर) ठेवायचं आणि मग ‘या’. पडद्यावर दोन्ही अगदी एकसारखी दिसतात. कागदावरही. यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. दुसरी रीत युनिकोडच्या २.० आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून ठेवलेली आहे आणि प्रमाणग्रंथात तसं स्पष्ट लिहिलेलं आहे. कुठला कळफलक पहिली रीत वापरतो, कुठला दुसरी. टंकणाऱ्या माणसाला याचा पत्ताही नसतो.

अर्धविरामने काढलेल्या ओळींत एक आठ ओळींचं फंक्शन होतं. नाव ‘दुरुस्ती_२’. वर टिपण नाही, चाचणी नाही. दुसऱ्या रीतीचा ‘ऱ्य’ दिसला की तो पहिल्या रीतीत बदलायचा, एवढंच त्याचं काम. नोंद साठवतानाही आणि शोधतानाही. ते मीच २०११ च्या आसपास लिहिलं होतं. का लिहिलं हे मीच विसरलो, तर तिला कुठून कळणार? चूक माझी आहे, हे आधीच सांगतो.

आता मूळ मुद्दा. या निमित्ताने आमच्यात दोन तट पडलेत. एक म्हणतो, काहीच काढू नका, कुठून काय निघेल सांगता येत नाही. दुसरा म्हणतो, असंच चाललं तर पाच वर्षांनी या कोडला हात लावायला माणूस मिळणार नाही.

माझं मत असं बनलंय. कोड आपला असतो, मजकूर लोकांचा असतो. कोड हवा तसा बदला, फोडा, नव्याने लिहा. पण कुणी तरी दहा वर्षांपूर्वी दुपारभर बसून टंकलेली नोंद आज वाचता आलीच पाहिजे. म्हणजे वाचताना जुनं सगळं वाचायचं, आणि लिहिताना मात्र एकच, नवं.

युनिकोडवाल्यांनी नेमकं हेच केलंय असं मला वाटतं. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीत आलेलं देवनागरी भारतीय लिपींच्या इस्की या प्रमाणाच्या १९८८ च्या आवृत्तीवर बेतलेलं होतं. त्यात उणिवा होत्या. पण एकदा दिलेला क्रमांक काढायचा नाही, हलवायचा नाही, हा त्यांचा नियम आहे. म्हणून तर ‘ॲ’ला २००८ मध्ये ५.१ आवृत्तीत स्वतंत्र क्रमांक मिळाला, तरी त्याआधी ‘अ’वर चंद्र ठेवून लिहिलेले ‘ॲटलास’ जसेच्या तसे राहिले. त्यांना नव्या अक्षराशी समान मानण्याची सोयही युनिकोडच्या सामान्यीकरणात (वेगवेगळ्या रीतींनी लिहिलेलं एकच अक्षर सारखं करण्याच्या नियमांत) नाही, ते काम आपल्यासारख्यांनीच करायचं. ही सोय म्हणायची की ओझं, याच्यावर तुमचं काय म्हणणं आहे?

---

कपाटाची_किल्ली
शनिवार, रात्री ११.०२

मी ग्रंथपाल आहे. तो फोन माझा नव्हता, पण तसाच फोन मी इतर लोकांना अनेकदा केलाय, म्हणून लिहिते.

आधी एका कॉलेजात होते, तिथे कोहा होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कोहा हे ग्रंथालयांसाठीचं मुक्तस्रोत सॉफ्टवेअर, न्यूझीलंडमध्ये १९९९ मध्ये लिहायला घेतलं आणि २००० च्या जानेवारीत सुरू झालं. माझे वर्षानुवर्षं जमवलेले अहवाल होते. कुठली पुस्तकं दोन वर्षांत कुणी नेली नाहीत, कुठल्या नोंदीत प्रकाशनवर्ष नाही, असे. १७.०५ आवृत्तीत त्यांनी पुस्तकाची मूळ नोंद एका तक्त्यातून उचलून दुसऱ्याच तक्त्यात ठेवली. माझे निम्मे अहवाल बंद पडायला हवे होते.

पण अहवालांच्या यादीत जुन्या पडलेल्या अहवालांवर खूण होती आणि शेजारी बटण होतं, दाबलं की अहवालामागचा जुना प्रश्न नव्या तक्त्याप्रमाणे बदलून मिळायचा. मी चहा घेत घेत एकेक दाबत गेले. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की हे लिहिणाऱ्याने माझ्या टेबलाशी बसणारी बाई डोळ्यांसमोर आणली होती.

तक्ता बदलू नका असं मी कधीच म्हणणार नाही. बदला, पण माझं सामान नव्या घरात न्यायला टेम्पो पाठवा.

---

शटलवाला
रविवार, सकाळी ७.२०

चिरेबंदी, लेख आवडला, पण ‘वाचताना जुनं सगळं वाचायचं’ हे वाक्य मला पचत नाही. मी वेर्ण्याला सर्व्हर सांभाळतो, त्या बाजूने सांगतो.

२०२१ चा डिसेंबर आठवा. लॉग४जे. जावा या संगणकभाषेच्या अर्ध्या जगात नोंदवही लिहिण्याचं काम करणारी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच. तिच्यात एक सोय होती: नोंदीच्या मजकुरात विशिष्ट खूण असली की ती बाहेरच्या पत्त्यावर जाऊन वस्तू शोधून आणायची. म्हणजे मी तुमच्या लॉगिनच्या चौकटीत नावाऐवजी एक ओळ टंकली की तुमचा सर्व्हर माझ्या यंत्रावरून कोड आणून चालवणार. ती सोय त्यांना स्वतःलाच आवडत नव्हती, जुन्या वापरकर्त्यांचं मोडू नये म्हणून ठेवली होती, असं त्यांच्यातल्याच एकाने त्या गदारोळात जाहीर सांगितलं. आणि ते सगळे विनामूल्य काम करणारे. चतुर्थी असो की नाताळ, आम्ही दोन आठवडे झोपलो नाही, आणि त्यांची तर काय दशा झाली असेल.

दुसरं ओपनएसएसएल, इंटरनेटवरची देवघेव कुलूपबंद ठेवणारी लायब्ररी. २०१४ च्या एप्रिलमध्ये तिच्यातली हार्टब्लीड नावाची गंभीर चूक उघडकीला आली, त्यानंतर ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या मंडळींनी त्याची वेगळी शाखा काढली, लिब्रेएसएसएल. पहिल्याच आठवड्यात नव्वद हजारांच्या आसपास ओळी काढून टाकल्या. कुणी वापरत नाही अशा जुन्यापुराण्या यंत्रणांसाठीचा कोड त्यात खच्चून भरला होता. एवढ्या ओळी असल्यावर चूक दिसणार कशी?

सुसंगतीच्या नावाखाली ठेवलेला प्रत्येक दरवाजा हा दरवाजाच असतो. चोराला तो जुना आहे की नवा याच्याशी देणंघेणं नाही.

---

रायबंदर
रविवार, सकाळी ८.०५

शटलवाला +१.

---

अर्धविराम
रविवार, सकाळी ९.४८

नमस्कार. ज्या मुलीबद्दल वर लिहिलंय ती मी.

शटलवालादादा, तुमचा पहिला दाखला मला पूर्ण पटतो. दुसऱ्यात एक दुरुस्ती सुचवू का? हार्टब्लीडची चूक जुन्या कोडमध्ये नव्हती. ती २०१२ मध्ये १.०.१ आवृत्तीत आलेल्या नव्या सुविधेत होती. म्हणजे ‘जुनं म्हणून धोकादायक’ हे तिथे थेट लागू पडत नाही. पण तुमच्या म्हणण्याला बळ देणारी गोष्ट वेगळीच आहे आणि ती जास्त महत्त्वाची वाटते. ओपनएसएसएलने स्मृती (मेमरी) वाटपासाठी स्वतःचा एक थर ठेवला होता, कारण काही यंत्रणांवरचं मूळ वाटप मंद होतं. त्या थरामुळे ओपनबीएसडीच्या स्मृती वाटपातली जी कडक तपासणी अशी चूक पकडू शकली असती, तिला संधीच मिळाली नाही. जुन्याने चूक केली नाही, पण नव्याची चूक झाकली.

आता माझ्याबद्दल. ‘दुरुस्ती_२’ काढताना मी खूप वेळ थांबले होते. कोण बोलावतं ते शोधलं, दोन ठिकाणं सापडली. दोन्हीकडे काढून सगळ्या चाचण्या चालवल्या, सगळ्या पास झाल्या. तेव्हा मला वाटलं मी काळजीपूर्वक काम केलंय. नंतर कळलं की त्या चाचण्यांतला सगळा मराठी मजकूर आमच्याच संगणकांवर टंकलेला होता, म्हणजे सगळा पहिल्या रीतीचा. दुसऱ्या रीतीचा एकही ‘ऱ्या’ कुठल्याच चाचणीत नव्हता.

काकांनी चूक स्वतःवर घेतली. पण मी वर्गात शिकले होते की चाचण्या पास म्हणजे बदल सुरक्षित, आणि तसं नसतं हे मला एका वाचनालयाच्या दोन कपाटांनी शिकवलं. ते वाचनालय आठवडाभर वहीत नोंदी करत होतं हे ऐकून मला फार वाईट वाटलं.

---

ओहोटी
रविवार, सकाळी ११.३०

धागा वाचून राहवलं नाही. मी प्रोग्रॅमर असलो तरी घरचं खाजन आहे, चोडणला. अर्धविराम, तू जे सांगितलंस ते माझ्या आजोबांनी मला बांधावर उभं करून सांगितलं होतं.

बाहेरच्यांसाठी: खाजन म्हणजे खाडीच्या कडेची, भरतीच्या पाण्याखाली गेली असती अशी जमीन, बांध घालून शेतीला घेतलेली. बांधात मानस असते, म्हणजे पाण्याचं दार. भरतीचं पाणी दाराला बाहेरून रेटतं, दार आपसूक मिटतं. ओहोटीला आतलं पाणी रेटतं, दार उघडतं. कळ नाही, मोटर नाही. शेकडो वर्षांची रचना आहे. लांबून बघितलं तर वाटतं, चिखल, पेंढा आणि चिरे, याच्यात जपण्यासारखं काय आहे? पण बांध एकदा फुटला की खारं पाणी आत येतं. मग ती जमीन पीक देत नाही, कांदळ (खारफुटी) उगवतात, आणि परत शेतीला आणायला वर्षं जातात. म्हणून आमच्याकडे बांधाला हात लावायच्या आधी विचारतात, हे इथे कुणी आणि का घातलं. माहीत नसेल तर म्हाताऱ्यांना विचारतात.

पण लक्षात घ्या, बांध दर वर्षी डागडुजी मागतो. आजोबा सांगायचे की जुना बांध राहतो तो लोक राखतात म्हणून, जुना आहे म्हणून नव्हे. गावातली माणसं बाहेर गेली, डागडुजी थांबली, तिथले बांध गेले. कोडचंही मला तेच दिसतं. ‘जुनं सांभाळू’ म्हणणाऱ्याला मी आधी विचारीन, डागडुजीला कोण येणार?

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, हे छान वाटून घेतलेलं दिसतं. वापरकर्त्याचा प्रोग्रॅम काल चालत होता तर आजच्या कर्नलवर चालला पाहिजे, याबाबत लिनक्सचा कर्ता टोरवाल्ड्स इतका कडक आहे की त्या एका नियमावरून त्याने लोकांना जाहीर झापलंय. तरी त्याच कर्नलमधून २०१२ च्या शेवटी ३८६ प्रोसेसरचा आधार काढून टाकला. १९९१ मध्ये लिनक्स ज्या चिपवर जन्माला आलं तीच ही चिप. आतली गुंतागुंत वाढत होती आणि ती चिप घेऊन नवीन कर्नल चालवणारं कुणी उरलं नव्हतं. म्हणजे वचन कुठलं आणि सवय कुठली, हे त्यांनी वेगळं केलंय. वचन मोडायचं नाही. सवय सोडता येते.

---

रायबंदर
रविवार, दुपारी १.१०

‘कुणी उरलं नव्हतं’ हे कोण ठरवतं, ओहोटी? सकाळी मी शटलवाल्यांना +१ दिला, पण आता उलट बाजू मांडतो, कारण दोन्ही मी जगलोय.

माझी बायको एका गावच्या शाळेत शिकवते. तिथल्या संगणकखोलीत कुणीतरी देणगी दिलेले ३२ बिटांचे संगणक आहेत. जुने, पण चालतात. मुलं त्यावर टंकलेखन शिकतात, चित्रं काढतात. २०१९ मध्ये उबुंटू या लिनक्सच्या वितरणाने ३२ बिटांची सगळी पॅकेजं बंद करायचं जाहीर केलं, आणि ओरड झाल्यावर काही ठेवली. ओरड कुणी केली? खेळ खेळणाऱ्यांनी आणि वाइन (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारं साधन) वापरणाऱ्यांनी. त्यांचा आवाज पोचला. आमची शाळा कधीच ओरडली नाही, कारण असं काही चाललंय हे तिथे कुणाला कळतच नाही. आम्ही डेबियन या दुसऱ्या वितरणावर गेलो. आता २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२ बिटांसाठी इन्स्टॉलरच नाही. १२ वर आहोत तोवर आहोत.

डेबियनवाल्यांना मी दोष देत नाही. ती माणसंही स्वतःच्या वेळातून काम करतात. पण ‘कुणी वापरत नाही’ हे वाक्य ऐकलं की मला ती खोली दिसते. न वापरणारे आणि न बोलणारे, हे दोन वेगळे लोक आहेत.

---

कपाटाची_किल्ली
रविवार, दुपारी १.३५

रायबंदर, शेवटचं वाक्य अगदी मनातलं. आमच्या वाचनालयात येणारे सगळे असेच. काही चाललं नाही की ‘संगणक बिघडलाय’ म्हणून घरी जातात.

---

शटलवाला
रविवार, संध्या. ६.१५

मान्य. सकाळी जरा तोडून लिहिलं. पण प्रश्न तसाच आहे: मग करायचं काय? चिरेबंदींच्या परिवर्तकात जुन्या फॉन्टांचे किती तक्ते आहेत? ते वाचणारा कोड कुणाकडून आलेली कुठलीही फाइल उघडतो. जुन्या फायली वाचणारे कोड हे हल्ल्याचं आवडतं ठिकाण असतं, कारण तिथे कुणी बघत नाही. ते तुम्ही जन्मभर मुख्य प्रोग्रॅममध्ये बाळगणार का?

---

चिरेबंदी
रविवार, रात्री ९.५०

सगळ्यांचं वाचलं, दोनदा. आज रविवार होता, म्हणून दिवसभर त्याच कोडमध्ये होतो. सविस्तर लिहितो.

शटलवाला, तक्ते तेवीस आहेत. जुने फॉन्ट म्हणजे काय हे नवीन मुलांना माहीत नसतं, म्हणून एक उदाहरण देतो, कारण सगळी गुंतागुंत त्यातच आहे. त्या फॉन्टांत मराठी अक्षरं नव्हतीच, इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असायचे. टंकणारा डोळ्यांना दिसेल त्या क्रमाने टंकायचा. ‘स्थिती’ लिहायचं तर आधी पहिली वेलांटी, मग अर्धा स, मग थ. युनिकोडमध्ये वेलांटी थ नंतर येते. म्हणजे परिवर्तकाने वेलांटी उचलून पुढे न्यायची, पण नुसती एक अक्षर पुढे नाही, तर सगळं जोडाक्षर ओलांडून. रफाराचं नेमकं उलटं. ‘सूर्य’मध्ये तो य वर काढला जातो, म्हणून नंतर टंकला जातो, आणि युनिकोडमध्ये तो य च्या आधी यायला हवा. त्यात एकाच नावाच्या फॉन्टच्या दोन आवृत्त्यांत आकारांच्या जागा बदललेल्या. ‘दुरुस्ती_१’ ते ‘दुरुस्ती_९’ अशी नावं पडली ती यातून. प्रत्येकामागे कुठल्या तरी देवस्थानाची स्मरणिका, कुठल्या तरी नाट्यमंडळाचा अहवाल, कुठल्या तरी वाचनालयाची यादी आहे. त्या आत्ता जुन्या मेलमधून शोधून काढतोय.

तुमचा प्रश्न रास्त आहे आणि त्यावर मी माझं मत थोडं बदललंय. जुनं वाचलंच पाहिजे, याच्यावर मी ठाम आहे. पण ते मुख्य प्रोग्रॅममध्येच वाचलं पाहिजे असं नाही. तेवीस तक्ते आणि सगळ्या फॉन्टदुरुस्त्या वेगळ्या पॅकेजमध्ये काढतोय. ते स्वतंत्र चालेल, नेटवर्कला हात लावणार नाही, फक्त फाइल घेईल आणि युनिकोड परत देईल. त्यात नवीन सुविधा कधीच येणार नाही. मुख्य प्रोग्रॅमला जुना फॉन्ट हा शब्दही माहीत नसेल. ओहोटींच्या भाषेत सांगायचं तर, बाहेरचा बांध वेगळा.

‘ऱ्या’चं आणि ‘ॲ’चं मात्र मुख्य प्रोग्रॅममध्येच राहील. ते जुनं नाहीच. आजही, या क्षणी, कुणीतरी फोनवर दुसऱ्या रीतीने ‘दुसऱ्या’ लिहीत असेल.

अजून एक सांगायचं राहिलं. पायथनबद्दल मी सुरुवातीला फार राग धरून होतो. २००८ च्या डिसेंबरात ३.० आलं होतं, पुढे आम्ही ते वापरून पाहिलं तेव्हा आमची सगळी फाइल चुकांनी लाल झाली. २ चा आधार २०१५ मध्ये संपणार होता, तो २०२० पर्यंत लांबवला. म्हणजे सुमारे अकरा वर्षं दोन भाषा शेजारी शेजारी. पण आम्हाला खरी मदत कशाची झाली? ३.० मध्ये मजकुरापुढचं ‘यू’ अक्षर त्यांनी काढलं होतं, कारण नव्या पद्धतीत त्याची गरजच नव्हती. २०१२ मध्ये ३.३ आवृत्तीत त्यांनी ते परत चालू केलं. त्याचा अर्थ काही नाही, नुसतं असलं तरी चालेल, एवढंच. त्या एका अक्षरामुळे आमची तीच फाइल दोन्हीकडे चालू लागली आणि आम्ही एकेक फाइल करत पुढे सरकलो. जे काढलं ते चुकलं असं वाटल्यावर परत ठेवायला मोठं मन लागतं. आज देवनागरी ज्या सहजतेने चालतंय ते ३ मुळेच, हेही तितकंच खरं. मजकूर आणि बाइट वेगळे केले नसते तर आम्ही अजून ती रीलोडची युक्तीच करत बसलो असतो.

---

अर्धविराम
सोमवार, सकाळी ८.२२

काका, फॉन्टांच्या पॅकेजच्या चाचण्या मी लिहीन. पण एक अट आहे, त्यांतला मजकूर आपण टंकायचा नाही. वाचनालयांकडून त्यांच्या त्यांच्या संगणकावर टंकलेल्या ओळी मागवू. जशा असतील तशा, दुरुस्त न करता. आणि प्रत्येक दुरुस्तीच्या डोक्यावर एक ओळ: कुठल्या मजकुरासाठी, कुठल्या साली.

एसक्यूलाइट या डेटाबेसचं पान वाचत होते. त्यांच्या जुन्या आवृत्तीतल्या एका चुकीमुळे प्राथमिक किल्लीच्या (प्रत्येक नोंदीची ओळख ठरवणाऱ्या) रकान्यात रिकामी किंमत चालून जाते. ती चूक आहे हे ते स्वतः लिहितात, आणि दुरुस्त केली तर लोकांचे चालू प्रोग्रॅम मोडतील म्हणून ठेवली हेही लिहितात. मला चुकीपेक्षा ते लिहिणं महत्त्वाचं वाटलं. ‘दुरुस्ती_२’वर एवढं लिहिलेलं असतं तर मी हात लावला नसता.

---

कपाटाची_किल्ली
सोमवार, सकाळी १०.४०

ओळी मी पाठवते. आमच्याकडे तीन संगणक, तीन वेगवेगळे कळफलक, आणि तिन्हींवर वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या मुलींनी नोंदी केल्यात. चाळीस ओळी आज दुपारी मेल करते. काही लिहायला सांगू नका, मी तशाच उचलून देईन.

---

ओहोटी
सोमवार, दुपारी १२.०५

शटलवाला, तुम्ही त्या पॅकेजची फाइल उघडण्याची बाजू एकदा बघाल का? मी बसेन तुमच्याबरोबर. वेर्ण्याहून येताना पणजीत भेटू, आठवड्यातला कुठलाही दिवस.

---

शटलवाला
सोमवार, दुपारी १२.३०

बुधवारी सहानंतर. येतो.

---

कपाटाची_किल्ली
शुक्रवार, दुपारी ४.१८

नवीन आवृत्ती आज टाकली. ‘कादंबऱ्या’ सगळ्या आल्या, तिन्ही संगणकांवरून. ‘ॲटलास’ही आले, दोन वर्षांपासून मला एकच दिसत होता, तो प्रत्यक्षात सहा प्रतींचा आहे.

एक मात्र अजून सापडत नाही. ‘दऱ्याखोऱ्या’ शोधलं की मधल्या संगणकावरून शून्य. पुस्तक माझ्या हातात आहे.

---

अर्धविराम
शुक्रवार, संध्या. ५.०२

ताई, धन्यवाद, हा शब्द आमच्या एकाही ओळीत नव्हता. त्यात ‘ऱ्या’ दोनदा येतो. परत ठेवलेलं फंक्शन शब्दातला पहिला बदलून थांबतंय. म्हणजे २०११ पासूनच थांबत होतं. तुमची ही ओळ चाचणीत घालते आणि आज रात्रीच दुरुस्ती पाठवते. वर टिपण असेल: दऱ्याखोऱ्या, मधला संगणक.